एकाच रॉकेटमधले दोन अल्टिमीटर २२ ते २५ मीटर वेगळं सांगतात, स्पर्धा १२ दिवसांवर

चिमणपंख
सोमवार, रात्री ९:१२

नमस्कार. आम्ही पाच जणांची टीम आहोत आणि विद्यार्थ्यांच्या मॉडेल रॉकेट स्पर्धेत पहिल्यांदाच उतरतोय. लक्ष्य २५० मीटर. जितके मीटर वर किंवा खाली, तितके गुण कापतात, आणि ग्राह्य धरतात तो अल्टिमीटरचाच, म्हणजे रॉकेटमधल्या उंची सांगणाऱ्या छोट्या यंत्राचाच आकडा. त्यामुळे अल्टिमीटर काय म्हणतो यावर आमचं सगळं अवलंबून आहे.

रचना सांगते. नोजकोनच्या, म्हणजे टोकाच्या शंकूच्या, लगेच खाली १० सेंटिमीटर लांबीची पेलोडची (सामान ठेवायची) नळी आहे, आतला व्यास ४.१ सेंटिमीटर. मुख्य अल्टिमीटर तिथे असतो. त्याखाली बल्कहेड, म्हणजे आडवा पडदा, आणि त्याखाली कपलरमध्ये, म्हणजे दोन नळ्या जोडणाऱ्या तुकड्यात, दुसरा बंद कप्पा. दुसरा अल्टिमीटर तिथे, फक्त सरावापुरता. पॅराशूट आणि शॉक कॉर्ड (सुटलेले तुकडे बांधून ठेवणारी दोरी) त्याच्याही खाली. इजेक्शन, म्हणजे पॅराशूट बाहेर ढकलणारा चार्जचा छोटा स्फोट, झालं की रॉकेट कपलरपाशी सुटतं, नोजकोन पेलोडवरच राहतो. वरच्या कप्प्याला अ म्हणते, खालच्याला ब.

पहिल्या चार उड्डाणांत दोन्ही आकडे एक-दोन मीटरच्या आत जुळत होते. चौथ्या वेळी रॉकेट जोरात आपटलं, एक फिन तुटला. तो बसवला, सगळं घासून पुन्हा रंग दिला आणि शनिवारी तीन उड्डाणं केली:

अ २७३, ब २४९
अ २७६, ब २५१
अ २६८, ब २४६

टीममधल्या दोघांचं ठाम म्हणणं आहे की आपटल्यामुळे मुख्य अल्टिमीटर बिघडला, नवा घ्या. नवा घेतला तर त्याच्याबरोबर पुन्हा सराव करायला दिवस उरत नाहीत. शिवाय अ चंच खरं असेल तर आम्ही २७० च्या घरात उडतोय, म्हणजे वजन वाढवायला हवं. ब चं खरं असेल तर आहे तसंच राहू दे. दोन्ही एकदम बरोबर असू शकत नाहीत. कुणाला असा अनुभव आहे का?

सोल्डरवाली
सोमवार, रात्री ९:४०

नवा घेऊ नका, निदान अजून तरी नाही.

बिघडलेला सेन्सर असा शहाण्यासारखा वागत नाही. सोल्डर तडकला असेल, बॅटरीची पिन सैल असेल, तर उड्डाणाच्या धक्क्यात अल्टिमीटर बंद पडून पुन्हा चालू होतो आणि आकडा येतो शून्य, नाहीतर भलताच. तुमचा फरक तिन्ही वेळा २२ ते २५ च्या पट्ट्यात आहे. जी चूक दर वेळी तेवढीच येते, तिच्यामागे ठराविक कारण असतं.

माझा पहिला संशय उजेडावर. या छोट्या दाबाच्या सेन्सरांना पत्र्याची टोपी असते आणि तिला बारीक भोक. त्यातून थेट ऊन आत गेलं तर वाचन सरकतं. तुमची पेलोडची नळी पारदर्शक आहे का? असेल तर सेन्सरवर स्पंजचा छोटा तुकडा ठेवा, ज्याच्यातून हवा जाते असा. चिकटपट्टी लावू नका, भोक बंद होईल.

अनघड
सोमवार, रात्री १०:०५

अल्टिमीटर उंचीचा एकेक अंक बीप वाजवून सांगतो, तुम्ही आकडे त्या बीप मोजून घेतलेत का? आमच्या टीमचं मागच्या वर्षी यातच नुकसान झालं. आमचा अल्टिमीटर शून्यासाठी दहा बीप देतो. २०५ मीटर होते. मैदानावर कल्लोळ होता, मी दहा मोजायच्या ऐवजी नऊ मोजले आणि २९५ लिहिले. पुढच्या उड्डाणासाठी आम्ही वजन वाढवलं आणि रॉकेट लक्ष्याच्या कितीतरी खाली राहिलं. मी ते महिनाभर मनाला लावून घेतलं होतं. आता आम्ही दोघे जण वेगवेगळे ऐकतो, एकमेकांना न सांगता कागदावर लिहितो आणि मग ताडून बघतो. पुठ्ठ्याची नळी एका टोकाला कानाशी आणि दुसऱ्या टोकाला रॉकेटशी धरली की गोंगाटातही स्पष्ट ऐकू येतं.

आणखी एक. चालू केल्या केल्या जो आकडा वाजतो तो बऱ्याच अल्टिमीटरांत मागच्या उड्डाणाचा असतो. तोच नवा म्हणून लिहिला जायची भीती असते.

चिमणपंख
सोमवार, रात्री १०:३१

सोल्डरवाली ताई, नळी पुठ्ठ्याची आहे आणि बाहेरून गडद निळी, आत उजेड जात नाही. अनघड, आकडे बीपवरून घेतले होते पण नंतर कॉम्प्युटरवर उतरवूनही तेच आले. दोघांनी वेगवेगळं ऐकून लिहायचं हे मी टीमला उद्याच सांगते, हे फार उपयोगाचं आहे.

झुळूक
मंगळवार, सकाळी ७:१८

तापमानाचा मुद्दा कुणीतरी काढेलच, म्हणून मीच काढते आणि लगेच बाजूलाही ठेवते.

अल्टिमीटर उंची मोजत नाही, दाब मोजतो. जमिनीजवळ दर मीटरला साधारण १२ पास्कल दाब कमी होतो, त्यावरून तो उंचीचा हिशोब करतो. हिशोबासाठी एक ठरलेलं प्रमाणित वातावरण धरलेलं असतं: समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल, १५ अंश सेल्सिअस, आणि दर किलोमीटरला ६.५ अंशांनी घटणारं तापमान. प्रत्यक्षातली हवा १५ अंशांपेक्षा गरम असेल तर ती विरळ असते, तेवढाच दाब उतरायला जास्त चढावं लागतं, आणि अल्टिमीटर खऱ्यापेक्षा कमी सांगतो. अंशामागे सुमारे ०.३५ टक्के. म्हणजे ३२ अंशांत खरे २५० मीटर गेलेलं रॉकेट यंत्राच्या लेखी २३५-२३६ ला थांबतं. १२ अंशांच्या पहाटे तेच यंत्र २५२ च्या पुढे सांगेल. काही यंत्रं स्वतःचं तापमान मोजून ही दुरुस्ती करतात, काही करत नाहीत. माहितीपत्रकात बघा. दुरुस्ती करणारं यंत्र उन्हात पॅडवर, म्हणजे रॉकेट उडवायच्या चौथऱ्यावर, तापलं तर त्याला बाहेरची हवा आहे त्याहून गरम वाटते, आणि चूक उलट्या बाजूला जाते.

पण चिमणपंख, तुमचे दोन्ही अल्टिमीटर एकाच रॉकेटमध्ये, एकाच हवेत होते. तापमानानं दोघांना सारखंच फसवलं असतं, आणि शनिवारपूर्वी ते जुळतही होते. त्यामुळे हे तुमचं कारण नाही. स्पर्धेच्या दिवशी मात्र लक्षात ठेवा. गार सकाळी सराव आणि भर दुपारी स्पर्धा असं झालं तर तेच रॉकेट वेगळा आकडा देईल. गरम हवेत हवेचा अडथळा कमी म्हणून रॉकेट खरोखर थोडं जास्तही जातं, दोन परिणाम काही अंशी एकमेकांना खातात, पण पूर्ण नाही. सराव वेगवेगळ्या वेळी करून तापमान आणि आकडा शेजारी शेजारी लिहीत जा.

जुना_लाँचर
मंगळवार, सकाळी ८:५०

बाळांनो, बाहेरची हवा आत-बाहेर व्हावी म्हणून कप्प्याच्या भिंतीला जी भोकं असतात ती मोठी करा, एवढंच सांगतो. जुना नियम असा आहे: १०० घन इंच कप्प्याला पाव इंचाचं एक भोक, किंवा तेवढ्याच एकूण क्षेत्रफळाची तीन-चार छोटी. भोक अपुरं पडलं की आतली हवा बाहेरच्या हवेमागे फरपटत येते आणि आकडा चुकतो. माझ्या पाहण्यातल्या अल्टिमीटरच्या दहा तक्रारींतल्या आठ भोकांच्या निघाल्या आहेत.

अल्टिमीटर आले म्हणून तुमची सोय झाली, हेही सांगतो. आम्ही मैदानाच्या दोन टोकांना थिओडोलाइट (कोन मोजायची दुर्बीण) लावून रॉकेटचा माग काढत असू. शिखरावर रंगीत पावडरीचा ढग सुटायचा, तो दोघांनी अचूक टिपायचा, कोन ओरडून सांगायचे, आणि दोन ठिकाणांहून निघालेल्या उंच्या सरासरीच्या दहा टक्क्यांत जुळल्या तरच उड्डाण धरायचं. ढगाळ दिवशी मुलं महिनोन् महिने केलेलं रॉकेट उडवायची आणि आम्हाला सांगावं लागायचं, दिसलं नाही रे. तो चेहरा विसरता येत नाही. म्हणून यंत्राला नावं ठेवण्याआधी त्याला नीट श्वास घेता येतोय का ते बघा.

दाबमापक
मंगळवार, दुपारी १:२६

जुना_लाँचर काका, भोकांवर संशय बरोबर आहे, पण कारण तुम्ही म्हणता त्याहून थोडं वेगळं असावं असं मला वाटतं. हवा मागे रेंगाळली तर वर चढताना आकडा कमी दिसेल. इथे तो जास्त आहे.

अंदाज बांधण्याआधी तीन गोष्टी करून घ्या, चिमणपंख.

एक, दोन्ही अल्टिमीटरांची अदलाबदल करून एक उड्डाण. चूक यंत्राबरोबर फिरते की कप्प्यात राहते, एवढंच बघायचं.

दोन, घट्ट झाकणाची एक लिटरची बरणी घ्या, झाकणाला भोक पाडून नळी बसवा आणि नळीला मोठी सिरिंज, सुईशिवाय. दोन्ही अल्टिमीटर चालू करून आत ठेवा, सांधा मेणानं बंद करा. ३० मिलिलिटर हवा ओढलीत की दाब जवळजवळ ३ टक्क्यांनी उतरतो, म्हणजे साधारण २५० मीटरची चढण टेबलावरच मिळते. उड्डाण सुरू झाल्याचं कळण्याइतपत झटकन ओढा, पण हिसका देऊ नका. दोघं किती जुळतात ते लिहा.

तीन, शनिवारच्या उड्डाणांचे आलेख एकावर एक टाका आणि दिसेल ते शब्दांत सांगा. नुसता शिखराचा आकडा सांगू नका.

चिमणपंख
बुधवार, रात्री ८:४४

सगळं केलं. आज संध्याकाळी वारा नव्हता म्हणून एक उड्डाणही झालं.

बरणीत दोघांचे आकडे २४४ आणि २४५. दुसऱ्यांदा २५१ आणि २५१.

अदलाबदलीनंतर: कप्पा अ (आता सरावाचा अल्टिमीटर) २७१, कप्पा ब (मुख्य अल्टिमीटर) २४८. म्हणजे ज्याला आम्ही बिघडलेला म्हणत होतो तो खाली गेल्याबरोबर बरोबर सांगायला लागला! नवा घ्या म्हणणारे दोघं आता गप्प आहेत, पण आम्ही सगळेच गोंधळलो आहोत.

आलेख असे दिसतात. ब चा आलेख गुळगुळीत घुमट. अ चा आलेख चढताना ब च्या खाली राहतो, मोटार संपते त्या सुमाराला तर जवळजवळ ३० मीटर खाली. मग हळूहळू गाठतो आणि वर पोचेपर्यंत दोघं एकमेकांवर बसतात. त्यानंतर घुमटाच्या माथ्यावरच अ ला एक सुळका आहे. एकदम वर जातो आणि अर्ध्या सेकंदाच्या आत परत ब वर येऊन मिळतो. तो सुळका सगळ्या उड्डाणांत आहे. २७३ म्हणजे त्या सुळक्याचं टोक आहे.

सोल्डरवाली
बुधवार, रात्री ९:०२

सुळका इजेक्शनच्या क्षणी असेल तर चार्जचा गॅस बल्कहेडमधून वर शिरत असेल का? बल्कहेडमधल्या आय-बोल्टच्या (दोरी अडकवायच्या कडीच्या) भोकाला एपॉक्सी, म्हणजे तो टणक होणारा गोंद, लावलंय का बघा. तो गॅस सेन्सरला खातो, त्याची काजळी ओलसर हवेत गंज आणते.

दाबमापक
बुधवार, रात्री १०:३७

ताई, गॅस शिरला तर दाब वाढतो, आणि वाढलेला दाब म्हणजे कमी उंची. आलेखात खड्डा दिसला असता. इथे सुळका आहे, म्हणजे त्या क्षणी कप्प्यात दाब अचानक घटला. एपॉक्सीचं मात्र जरूर बघा, ती गोष्ट स्वतंत्रपणे महत्त्वाची आहे.

चिमणपंख, तुम्ही आलेख इतका नेमका सांगितलात की उत्तर त्यातच आहे. दोन खुणा आहेत.

पहिली, चढताना अ ३० मीटर मागे. तुमच्या कप्प्याचं आकारमान १३२ घनसेंटिमीटर. काकांच्या नियमानं त्याला १ मिलिमीटरची तीन-चार भोकं पुरतात. पण मी हिशोब करून पाहिला: १ मिलिमीटरचं एकच भोक असतं तरी ७० मीटर प्रतिसेकंद वेगाला आतली हवा अर्धा मीटरसुद्धा मागे पडत नाही. नियम फार उदार आहे. ३० मीटर मागे पडायचं तर सगळ्या भोकांची मिळून उघडी जागा ०.३ मिलिमीटरच्या एका भोकाएवढीच हवी. म्हणजे टाचणीच्या टोकाएवढी. शिखरापाशी वेग मरतो म्हणून तिथे आलेख जुळतात, आणि म्हणूनच नुसत्या शिखरावरून हे कधी कळलं नसतं.

दुसरी खूण, सुळका. इजेक्शनला शॉक कॉर्डचा हिसका बसतो. नोजकोन पेलोडच्या नळीतून किंचित पुढे सरकत असला पाहिजे. किती? कप्पा १०० मिलिमीटर लांब आहे. नोजकोन ०.३ मिलिमीटर सरकला तरी आतली जागा ०.३ टक्क्यांनी वाढते आणि दाब सुमारे ३०० पास्कलनं उतरतो. १२ नं भागा. पंचवीस मीटर. तुमचा फरक. कागदाच्या दोन-तीन पानांएवढं सरकणं, डोळ्याला दिसणारही नाही.

भोकं उघडी असती तर अर्ध्या मिलिलिटरहून कमी हवा आत यायला सेकंदाचा पन्नासावा भाग पुरला असता आणि बहुतेक वेळा अल्टिमीटरला ते कळलंही नसतं. टाचणीएवढ्या फटीतून तीच हवा यायला अर्ध्या सेकंदाच्या जवळपास लागतो. सेकंदाला वीस वेळा वाचणारा अल्टिमीटर तेवढ्यात आठ-दहा वाचनं घेतो आणि त्यातलं सगळ्यात मोठं शिखर म्हणून सांगतो.

तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं की शनिवारच्या आधी रॉकेटला रंग दिला. आज रात्रीच अंधारात पेलोडच्या नळीत टॉर्च धरा आणि बाहेरून भोकं मोजा.

चिमणपंख
बुधवार, रात्री ११:२०

दिवे घालवून मोबाइलचा टॉर्च नळीत धरला. आम्ही चार भोकं पाडली होती. तीन ठिकाणी काहीच दिसत नाही, मिट्ट अंधार. चौथ्या ठिकाणी एक अगदी बारीक चंद्रकोर, केसाएवढी. बोट फिरवलं तरी भोकं हाताला लागत नाहीत, रंगाचा पापुद्रा त्यांच्यावर ताणून बसलाय. कपलर रंगवताना आम्ही टेप लावला होता, म्हणून ब ची भोकं स्वच्छ आहेत.

मी रंगवलं होतं. आत्ता टीमच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि सगळ्यांना सांगितलं. मघापासून सारखी ती चंद्रकोरच बघतेय.

जुना_लाँचर
गुरुवार, सकाळी ६:४०

शाब्बास पोरी. सापडलं हे मोठं, आणि स्पर्धेआधी सापडलं हे त्याहून मोठं. दाबमापक, तुमचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. इतकी वर्षं मी ‘भोक लहान म्हणजे आकडा कमी’ असंच सांगत आलो. लहान भोकामुळे आकडा जास्तही येऊ शकतो हे मी पहिल्यांदा समजून घेतलं.

आता दुरुस्ती. १ मिलिमीटरचा ड्रिल बिट बोटांत धरून हातानं फिरवा, मशीन लावू नका, पुठ्ठा फाटतो. बाहेरून आत. मग पातळ इन्स्टंट गोंदाचा एक थेंब काडीच्या टोकावरून भोकाच्या कडेला लावा, पुठ्ठ्यात मुरू द्या, वाळल्यावर तोच बिट पुन्हा एकदा फिरवा. कडा काचेसारखी टणक होते, कुसं उभी राहत नाहीत. बारीक पॉलिश पेपरनं हलका हात. पुढच्या वेळी रंगाआधी प्रत्येक भोकात टूथपिक खोचून ठेवा.

दाबमापक
गुरुवार, सकाळी ९:१५

काका, तो नियम टाकून देऊ नका. तीन-चार भोकं लागतात त्याचं आणखी एक कारण आहे आणि ते हवेच्या रेंगाळण्याहून मोठं आहे. इजेक्शननंतर रॉकेटचा वरचा तुकडा आडवा गटांगळ्या खातो. शिखरावर १५ मीटर प्रतिसेकंद आडवा वेग उरला असेल, वाऱ्यात कललेल्या रॉकेटला तो सहज असतो, तर त्या वाऱ्याचा दाब १३५ पास्कल, म्हणजे ११ मीटर. भोक एकच असेल आणि ते वाऱ्याच्या शोषणाच्या बाजूला आलं तर आकडा तेवढा फुगू शकतो. सारख्या अंतरावर तीन किंवा चार भोकं असली की एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूच्या शोषणाशी बराचसा मिटतो. समोरासमोर दोनच नकोत, त्यांच्यातून वारा आरपार वाहतो. भोकं नोजकोनच्या सांध्यापासून शक्य तितकी दूर, आणि त्यांच्या रेषेत वरच्या बाजूला टेपची कडा किंवा कसलाही उंचवटा नको.

आणि नोजकोनचं काय ते बघा. भोकं उघडली की लक्षण जाईल, पण नोजकोन सरकतोय ते तसंच राहील. एखाद्या उड्डाणात तो निघूनच गेला तर उड्डाण बाद.

चिमणपंख
गुरुवार, रात्री ९:५०

भोकं उघडली, टॉर्च लावला, चार ठिपके दिसले. नोजकोनला आतून टेप होता तो रंग घासताना गुळगुळीत झाला होता. नोजकोन धरून रॉकेट उचललं आणि हलका झटका दिला तर खरंच किंचित सुटला. आता नोजकोनचा जो खांदा नळीत बसतो त्यातून आरपार तीन छोटे प्लॅस्टिकचे रिव्हेट बसवलेत. आय-बोल्टच्या भोवती एपॉक्सी होतं पण एका बाजूला चीर होती, तीही भरली. रविवारी सकाळी उडवू.

स्पर्धेच्या दिवशी नेमकं काय काय बघायचं, हेही सांगाल का? आम्हाला कुणीच वडीलधारं सोबत नाही.

सोल्डरवाली
गुरुवार, रात्री १०:२४

माझ्याकडून बॅटरीचं. आदल्या रात्री पूर्ण चार्ज, सकाळी व्होल्टमीटर लावून आकडा लिहायचा. कनेक्टर लावल्यावर त्यावर टेपचा एक वेढा. बॅटरी स्प्रिंगच्या होल्डरमध्ये असेल तर ती रॉकेटच्या लांबीला आडवी बसवा, उभी बसवली तर उड्डाणाच्या धक्क्यात स्प्रिंग दबून क्षणभर संपर्क तुटतो. अल्टिमीटर स्पंजमध्ये असा बसला पाहिजे की नळी कानाशी हलवली तर खुळखुळ ऐकू येऊ नये.

जुना_लाँचर
शुक्रवार, सकाळी ७:०५

मैदानावरच्या माणसाच्या नजरेनं सांगतो. सगळ्यात जास्त उड्डाणं मी पॅडवर जाण्याआधीच वाया जाताना पाहिली आहेत. मुलं अल्टिमीटर चालू करतात, घाईनं नोजकोन दाबून बसवतात, आतली हवा दबते आणि सुटते, आणि अल्टिमीटरला वाटतं उडालो. मग तो जमिनीवरच उड्डाण नोंदवून मोकळा होतो. नोजकोन सावकाश, फिरवत फिरवत बसवा. वारा जोराचा असेल तरी असंच फसतं, म्हणून पॅडवर पोचल्यावर एकदा कान लावून तो तयारीचीच बीप देतोय ना ते ऐका. चालू केल्यावर त्याला जमिनीचा दाब धरायला थोडा वेळ द्या.

मागचा आकडा ऐकून झाला, लिहून झाला की मगच नवं उड्डाण. उतरल्यावर अल्टिमीटर बंद करायचा नाही, बॅटरी काढायची नाही. रॉकेट उचलून थेट परीक्षकाकडे. त्यांच्या समोर वाजू दे, त्यांना लिहू दे. आकडा मिळालाच नाही तर पुन्हा उडवायला मिळतं का, किती वेळात, हे सकाळच्या बैठकीतच विचारून ठेवा, प्रत्येक स्पर्धेचा नियम वेगळा असतो. आणि मीटर की फूट, हे यंत्रावर आणि फॉर्मवर दोन्हीकडे बघा. २५० मीटर म्हणजे ८२० फूट.

वडीलधारं कुणी नाही म्हणालीस. हा धागा आहे की. त्या दिवशी सकाळी इथे लिही, मी पाहत असेन.

झुळूक
शुक्रवार, सकाळी ११:३२

थोडं अवांतर, पण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही अदलाबदल आणि बरणी वापरून जे केलंत त्याचा पूर्वज १६४८ सालचा आहे. पास्कलच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिए १९ सप्टेंबरला पाऱ्याची नळी घेऊन प्यूय द दोम हा डोंगर चढला. वर पाऱ्याची उंची पायथ्यापेक्षा सुमारे ८५ मिलिमीटरनं कमी भरली. उंचीबरोबर हवेचा दाब उतरतो हे त्या दिवशी मोजून सिद्ध झालं आणि तुमचा अल्टिमीटर आजही त्याच आधारावर चालतो.

मला त्यात सगळ्यात आवडतं ते वेगळंच. चढण्याआधी त्यानं तशीच दुसरी नळी खाली मठात उभी केली आणि एका साधूला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. पारा दिवसभर हलला नाही. म्हणून वरचा फरक डोंगरामुळेच पडला, हवामान बदललं म्हणून नाही, असं तो छातीठोकपणे सांगू शकला. तुमचा कप्पा ब म्हणजे ती मठातली नळी. नियमात बसत असेल तर स्पर्धेतही तो काढू नका. त्याचा आकडा धरणार नाहीत, पण पहिल्या उड्डाणानंतर दुसऱ्यासाठी वजन ठरवताना अ वर विश्वास ठेवायचा की नाही, ते तोच सांगेल.

अनघड
शुक्रवार, रात्री ८:१९

आमच्याही कप्प्यात आज टॉर्च लावून बघितला. तीनपैकी एका भोकात गोंदाचा थेंब वाळलेला सापडला. धन्यवाद, चिमणपंख.

चिमणपंख
रविवार, दुपारी १२:४८

आज तीन उड्डाणं झाली. पहिलं साडेसहाला, १६ अंश. शेवटचं साडेअकराला, २९ अंश.

अ २४९, ब २४८
अ २४६, ब २४७
अ २४१, ब २४१

तिन्ही वेळा आलेख एकमेकांवर बसले. सुळका नाही. माथ्यावर दोन्हीकडे एक बारीक कंप आहे, तो इजेक्शनचाच असणार. झुळूक ताई, तुम्ही म्हणालात तसा आकडा तापमानाबरोबर उतरला, पण हिशोबाइतका नाही, म्हणजे दुपारी रॉकेट खरोखर थोडं जास्त जात असावं. आमची स्पर्धेची वेळ साडेअकराचीच आहे. म्हणून थोडं वजन काढून उद्या त्याच वेळेला पुन्हा दोनदा उडवणार आहोत.

कप्पा ब स्पर्धेत ठेवायला आयोजकांनी हो म्हटलंय, त्याच्यावर ठळक अक्षरांत ‘सराव’ असं लिहायच्या अटीवर.

दाबमापक
रविवार, दुपारी १:१०

उद्याचे आलेख इथे टाका. वजन काढल्यावर गुरुत्वमध्य सरकतो, तो एकदा दोऱ्यावर तोलून बघा आणि मगच पॅडवर न्या.